पिकअपचे शॉकअप बदलताना

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



विषयपत्रिकेवर कापूस आहे, ज्वारी आहे, वीजबिल आहे आणि मध्येच ‘पिकअपचे शॉकअप’ आहे, हे वाचून काही जण गालातल्या गालात हसले. शॉकअप हा मिस्त्रीचा विषय, सभेत कशाला, असे त्यांना वाटले असेल. पण आज तालुक्यातालुक्यात गटांनी मिळून घेतलेल्या, भावाभावांनी कर्ज काढून घेतलेल्या डिझेल पिकअप उभ्या आहेत. कुणाची बोलेरो, कुणाची योद्धा, कुणाचा दोस्त. कापूस जिनिंगला, ज्वारी बाजार समितीत, खत गावात आणि कडबा गोठ्यात याच गाड्या पोचवतात. बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरे वाचा, लॉट नंबर पाहा, पक्के बिल घ्या, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. शॉकअपच्या खोक्यावरची अक्षरे मात्र कुणी वाचत नाही. मिस्त्री म्हणेल तो आणि दुकानदार देईल तो! न पाहता घेतलेल्या मालात शेतकरी नागवला जातो, हा नियम बियाण्याला आहे तसा लोखंडालाही आहे.

म्हणून आज शॉकअपचा हिशेब मांडू.

ओझे कोण वाहतो, आवरतो कोण?

पहिला गैरसमज असा, की शॉकअप ओझे वाहतो. तो ओझे वाहत नाही. ओझे वाहतात ते पाटे, आणि पुढे जिथे स्प्रिंग आहे तिथे स्प्रिंग. पाटा दबतो आणि पुन्हा उसळतो. एकदा उसळला की झोपाळ्यासारखा खालीवर होत राहतो. ती उसळी एक-दोन हेलकाव्यांत थांबवायची, हे शॉकअपचे काम. बैलाच्या खांद्यावर जू असते, ते ओझ्यासाठी. वेसण असते, ती आवरण्यासाठी. पाटा म्हणजे जू आणि शॉकअप म्हणजे वेसण.

शॉकअपच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वर गेले की दट्ट्या तेलात घुसतो, चाक खाली आले की ओढला जातो. बारीक छिद्रातून तेल जबरदस्तीने जाते, त्यात उसळीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. ती उष्णता नळीच्या अंगावरून वाऱ्यात जाते. बहुतेक शॉकअप दाबायला हलके आणि ओढायला जड ठेवलेले असतात, कारण दबलेला पाटा उसळी मारतो तेव्हाच त्याला जास्त आवरावे लागते.

बैलगाडीला शॉकअप नव्हता आणि कुणाचे अडलेही नाही. तिचा वेग माणसाच्या चालीचा. ट्रॅक्टरची ट्रॉलीही हळू चालते. पिकअप चाळीस-पन्नासच्या वेगाने पळते. त्या वेगात चाक क्षणभर जमिनीवरून सुटले, तर त्या क्षणी त्या चाकाला ब्रेक नाही आणि वळणाची पकडही नाही. चाक जमिनीला चिकटून राहावे, यासाठी शॉकअपचे पैसे मोजायचे. बसणाऱ्याची पाठ वाचते तो वरचा नफा.

आपली जमीन, आपला रस्ता, आपले ओझे

शेतीचे शिक्षण घेतल्यामुळे आम्हाला जमिनीकडून सुरुवात करायची सवय आहे. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. जी जमीन कोरडवाहू कपाशीला ओल धरून ठेवते, तीच रस्त्याच्या बुडाशी आली की रस्ता मोडते. म्हणून आपल्या पाणंद रस्त्यांवर पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात आणि त्या दिवाळीनंतर दगडासारख्या कडक होतात. त्यावर मुरूम टाकला तर वर्षभरात त्याच्या आडव्या लाटा होतात. कपडे धुण्याच्या फळीसारख्या.

या लाटांचा हिशेब करून पाहा. समजा पाऊण मीटरवर एक लाट आहे. एका किलोमीटरला १,३३३ लाटा झाल्या. शिवारापासून डांबरी रस्ता सहा किलोमीटर असेल तर एका बाजूने जाताना प्रत्येक शॉकअपला सुमारे ८,००० ठोके. गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली तर सेकंदाला अकरा. वाईट असे, की पाट्याखालच्या आखाला स्वतःची जी थरथर असते ती साधारण याच वेगाची असते. मग रस्त्याचा ताल आणि आखाचा ताल जुळतो आणि मागचा भाग फुगडी घालू लागतो. शॉकअपमधले तेल तापून पातळ होते, त्यात फेस येतो आणि फेसाळलेले तेल आवरू शकत नाही. हे सगळे सहा किलोमीटरमध्ये.

आता ओझे पाहा. खत आणि ज्वारीची पोती जड आणि बुटकी. सुटा कापूस आणि कडबा हलका, पण उंच. कापसाच्या गाडीचे वजन मापात असले तरी हौद्यावर फळ्या लावून, ताडपत्री ताणून ढीग उंच जातो. चाकोरीत एक चाक उतरले की हा डोंगर एका बाजूला कलतो, आणि शॉकअप मेलेला असेल तर परत दुसऱ्या बाजूला जातो. ओझे उतरवून परत येतानाही सुटका नाही. मागचे पाटे दीड टनासाठी केलेले असतात. रिकाम्या गाडीत ते जवळजवळ दबतच नाहीत, आणि सगळा मागचा आख टणाटण उडतो. परतीच्या खेपेला वळणावर गाडी घसरते ती बहुधा यामुळे.

आधी निदान, मग खरेदी

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो, पतंग मोजतो, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारतो. गाडीलाही तसेच करावे. मागून आवाज आला की ‘शॉकअप गेले’ म्हणून चार नवे घालून घ्यायचे नाहीत.

आधी टायरची हवा पाहा. मग पाट्यांत एखादे पान तुटले आहे का, यू-बोल्ट ढिले झाले आहेत का, पाट्याच्या टोकाचे बुश झिजले आहेत का, ते पाहा. पुष्कळदा खडखडाट इथला असतो आणि शिक्षा शॉकअपला होते.

शॉकअप गेल्याच्या खुणा वेगळ्या आहेत. नळीवरून तेल ओघळून त्यावर मातीचा चिखल धरला असेल तर शॉकअप गेला. नुसता तेलकट ओलसरपणा दिसला तर घाई नको. टायरवर ठरावीक अंतराने खोलगट खड्डे पडून झीज होत असेल, तर चाक उड्या मारत आहे. दांडा वाकला किंवा त्यावर खोल ओरखडा आला, तर आत कितीही तेल असो, सील फाडल्याशिवाय तो राहणार नाही.

एक साधी परीक्षा सांगतो. गाडी मुरमाच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. उभी केल्या केल्या चारही शॉकअपच्या नळीजवळ हाताची मागची बाजू न्या. जपून, कारण नळी चांगलीच तापलेली असू शकते. जो काम करतो तो तापतो. तीन गरम आणि एक गार असेल, तर तो गार बसून खातो आहे.

बोनेट दाबून गाडी किती हेलकावते ते पाहायची मिस्त्रीची परीक्षा मोटारीला ठीक. पिकअपचे मागचे पाटे हातांनी दबतच नाहीत आणि पाट्याची पाने एकमेकांवर घासून उसळी थोडी मारतात. म्हणून मागे ती परीक्षा पास झाली तरी शॉकअप चांगला आहे असे होत नाही.

निवडायचा कोणता?

पहिली गोष्ट माप. एकाच नावाच्या पिकअपचे कमी-जास्त क्षमतेचे चार प्रकार असतात आणि त्यांचे शॉकअप एक नसतात. दुकानात जाताना आरसी बुक आणि जुना शॉकअप दोन्ही न्या. भाग क्रमांक जुळवा. दोन्ही टोकांना डोळा आहे की आट्याचा दांडा, बुशचे आतले भोक किती, बोल्ट किती जाडीचा, ते पाहा. मग लांबी. चासी जॅकवर उचलून चाक लोंबले की जी लांबी होते, तिच्यापेक्षा नवा शॉकअप ताणल्यावर थोडा जास्त लांब हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात तो टोकाला ताणला जाऊन तुटेल. पूर्ण दबल्यावर आख आधी रबराच्या ठोकळ्यावर टेकला पाहिजे. शॉकअप त्याच्या आधी तळाला टेकला तर सगळे ओझे त्या बिचाऱ्या दांड्यावर येते.

ज्यांनी जादा पाटे चढवले आहेत, त्यांनी हे दोनदा ऐकावे. पाटा वाढवला की गाडी उंच होते आणि मूळ मापाचा शॉकअप आधीच ताणलेला राहतो. शिवाय पाटा ताठर झाला की त्याची उसळीही जोरकस होते आणि मूळ शॉकअपला ती आवरत नाही. पाटा वाढवायचा आणि शॉकअप तोच ठेवायचा, म्हणजे बैल बदलायचा आणि वेसण वासराची ठेवायची.

दुसरी गोष्ट जात. बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. नुसत्या तेलाचा दुहेरी नळीचा, दुहेरी नळीचाच पण कमी दाबाचा नायट्रोजन वायू भरलेला, आणि एकेरी नळीचा जास्त दाबाच्या वायूचा. वायूचे काम तेल दाबून ठेवून फेस येऊ न देणे. एकेरी नळीचा गार लवकर होतो आणि त्यात दट्ट्या मोठा बसतो. पण त्याच्या नळीच्या आतल्या अंगावरच दट्ट्या फिरतो. चाकाने उडवलेल्या दगडाने नळीला पोचा पडला की दट्ट्या अडकला. दुहेरी नळीला बाहेरून लहान पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. किंमतही एकेरीची जास्त.

आमचे मत विचाराल तर जिथे रोजचा रस्ता बहुतांशी डांबरी आणि वेग बेताचा, तिथे कंपनीने दिला तसा तेलाचा शॉकअप पुरतो. जिथे रोज पाच-सहा किलोमीटर लाटांचा मुरूम आहे, तिथे वायू भरलेला दुहेरी नळीचा घ्यावा. एकेरी नळीच्या महागड्या मालाच्या मागे आपल्या दगडधोंड्यांच्या वाटेवर लागू नये.

‘हेवी ड्यूटी’ हा शब्द ऐकून भुलू नका. जाड नळी, मोठा दट्ट्या, जास्त तेल असा खरा हेवी ड्यूटी शॉकअप असतो आणि तो लाटांच्या रस्त्यावर टिकतो. पण त्याने गाडीची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. दीड टनाच्या गाडीत ३३ गोण्यांचे १,४८५ किलो होतात. चौतिसावी चढवली की ओझे जादा, मग शॉकअप कोणताही असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा ओझ्याला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड लिहिलेला आहे. नाक्यावर शॉकअपचे खोके दाखवून तो माफ होत नाही.

तिसरी गोष्ट खरेपणा. बाजारात तीन प्रकारचा माल येतो. नव्या भागांत गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला आणि शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. पुष्कळ गाडी कंपन्या शॉकअप स्वतः करीत नाहीत, विकत घेतात. त्यामुळे शॉकअप कंपनीचा त्याच मापाचा माल घेण्यात कमीपणा नाही. तिसरा प्रकार नळी कापून, तेल भरून, वेल्डिंग करून, काळा रंग मारून ‘दुरुस्त’ केलेला. त्याच्या झडपा आतून झिजलेल्याच राहतात. वेल्डिंगचा ओबडधोबड वेटोळा, रंगाखाली गंजाचे खड्डे, दांड्यावर जुने ओरखडे दिसले की ओळखावे. वरून नावाजलेल्या कंपनीचे नकली खोकेही येते. म्हणून छापील भाग क्रमांक आणि नळीवर कोरलेला क्रमांक एकच आहे का, ते पाहावे.

दुकानातच शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. मध्येच मोकळा पोकळ हिसका लागू नये. वायूचा असेल तर दाबून सोडल्यावर तो आपोआप वर येतो. तेलाचा आला नाही तर त्यात खोट नाही.

पक्के बिल घ्या आणि वॉरंटीच्या कागदावर तारीख व शिक्का घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. शॉकअपवर पूर्वी तो २८ टक्के होता. जुना दर धरून कुणी भाव सांगत असेल तर तिथल्या तिथे विचारा. बिलावाचून तक्रार म्हणजे सातबाऱ्यावाचून मालकी.

बसवताना

एका आखावरचे दोन्ही शॉकअप एकदम बदला. एक नवा आणि एक थकलेला म्हणजे एक बैल तरणा आणि एक म्हातारा. गाडी एका अंगाला ओढणारच.

शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात, त्यामुळे दुहेरी नळीत वायू भलत्या जागी शिरतो. बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून तो बाहेर काढावा आणि मग आडवा न करता बसवावा. काही गाड्यांत मागचा एक शॉकअप आखाच्या पुढे आणि दुसरा मागे झुकलेला असतो. ती रचना आखाची पिळवट थांबवण्यासाठी असते, ती बदलू देऊ नका. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

आणि मिस्त्री चकचकीत दांडा पकडीत धरून नट आवळू लागला तर त्याचा हात धरा. पकडीचा एक ओरखडा नव्या शॉकअपचे सील खातो. काळी माती दांड्यावर वाळून बसली असेल तर तीही पाण्याने धुवावी.

स्वस्ताचा हिशेब

आता पैशाचे बोलू. पुढचे आकडे समजुतीसाठी आहेत, त्या जागी तुमच्या तालुक्याचे आकडे घाला. समजा दुरुस्त केलेला जोड १,२०० रुपयांचा आणि एका हंगामात जातो. नवा जोड ३,६०० रुपयांचा आणि तीन हंगाम चालतो. वरवर पाहता हिशेब सारखाच. पण बसवायची मजुरी ४०० रुपये धरा आणि हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली की १,५०० रुपयांचे भाडे बुडते असे धरा. दुरुस्त मालाचे तीन हंगामांत तीन वेळा ३,१००, म्हणजे ९,३०० रुपये झाले. नव्याचे एकदाच ५,५०० रुपये. स्वस्त माल ३,८०० रुपयांनी महाग पडला. यात झिजलेले टायर अजून धरलेलेच नाहीत.

हा खर्च गटाच्या वहीत स्वतंत्र खात्यावर लिहा. शॉकअप कधी बसवला, किलोमीटर किती, कुठल्या दुकानातून, कधी गेला. दोन वर्षांत दहा गटांच्या वह्या एकत्र केल्या की आपल्या रस्त्यावर कोणता माल टिकतो, ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा स्पष्ट दिसेल. आणि दहा गटांनी मिळून वीस जोड मागितले तर भाव ठरवताना आपला शब्दही राहील. एकेकटा गेलेला गिऱ्हाईक छापील किंमत मोजतो.

हौद्यात कोण बसते?

शेवटचे बोलतो आणि थांबतो. हे बोलणे कडू लागले तरी लागो.

वेचणीच्या दिवसांत सकाळी याच पिकअपच्या हौद्यात बाया उभ्या असतात. संध्याकाळी कापसाच्या ढिगावर बसून परततात. हौद्याच्या कडेला धरायला दोरी, मांडीवर लेकरू. खाली मेलेला शॉकअप, झिजलेला टायर आणि चाकोऱ्यांचा रस्ता. गाडी एका अंगाला गेली, तर सर्वांत आधी त्या फेकल्या जातात.

मालवाहू गाडीत माणसे वाहायला परवानगी नाही. अशा गाडीत फुकट बसवलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. मग भरपाई गाडीमालकाने द्यायची. दोन-चार एकरवाल्या गाडीमालकाने ती कुठून द्यायची? एका उलट्या गाडीत दोन कुटुंबे संपतात. एक वेचणाऱ्या बाईचे आणि एक शेतकऱ्याचे. नवा शॉकअप घातल्याने हौद्यात माणसे बसवायचा परवाना मिळत नाही, हेही लक्षात घ्या. वेचणीसाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरवा. तिचे भाडे वेचणीच्या खर्चात धरा, मजुरीतून कापू नका. कापूस वेचायला येणाऱ्या बाईचा येण्याजाण्याचा खर्च हा कापसाच्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे, आणि तो लपवून कापूस स्वस्त पिकत नाही.

तेव्हा या बैठकीतून तीन कामे घेऊन जा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. त्याच आठवड्यात प्रत्येक गटाने आपली पिकअप जॅकवर घेऊन शॉकअप, पाटे, बुश आणि टायर तपासावेत, म्हणजे वेचणी सुरू होण्याआधी दुरुस्तीला वेळ मिळेल. दुसरे, गटाच्या वहीत गाडीचे खाते आजच उघडावे आणि त्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. तिसरे, यंदाच्या वेचणीला हौद्यात माणूस बसवायचा नाही, असा ठराव प्रत्येक गावाने करावा आणि तो ठराव गाडीच्या चालकासमोर वाचून दाखवावा.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. हिशेब तिथेच मांडू.